गुगूने ओढलेला पेड

रखिया गुगू, म्हणजे माझी सख्खी आत्या, किरगीझस्तानातल्या तोकमोकच्या बाजारात सव्वीस वर्षं लग्मान विकतेय. शब्द मूळचा चिनी. ला म्हणजे ओढणं, म्यान म्हणजे पीठ. किरगीझ, रशियन, सगळ्यांनी तो उचलला, पण त्यांच्यासाठी लग्मान म्हणजे नुसती शेवयांवर रस्सा घातलेली वाटी. पिढ्यांपूर्वी चीनमधून इथे आलेल्या आम्हा दुंगान लोकांना अजून त्यात ते ओढणं ऐकू येतं.

आणि गेल्या हिवाळ्यात गुगूचा खांदाच गेला. ती गुपचूप पीठ लाटून सुरीने कापायला लागली. गिऱ्हाइकाला पत्ता नाही. सुट्टीत मी तिथे वाढायला होते म्हणून मला कळलं. मी म्हटलं, काय फरक पडतो गं, सगळे लग्मानच म्हणतात ना?

मग माझ्या भावाचं, इसखारचं लग्न आलं. तिसऱ्या दिवशी नवरीने स्वतः मळलेलं पीठ सगळ्या बायकांसमोर ओढून पाहुण्यांना जेवू घालायचं. आमच्या घरात पिठाचा पहिला पेड मोठी बाई ओढते आणि नवरीच्या हातात देते. मोठी बाई गुगूच. मी तिला अक्षरशः विनवलं, आजारी आहे म्हणून सांग. नाही ऐकलं.

तिने पेड ओढला, पाटावर आपटला, दुमडला, परत ओढला आणि उजवा हात मध्येच अडकला. पेड तुटला.

कुणी गुगूकडे बघितलंच नाही! सगळ्या नवरीकडे, सफियाकडे बघायला लागल्या. धाकटी काकू हसून म्हणाली, "पिठात मीठ विसरली वाटतं, म्हणून तुटतंय. आईनं लाडातच वाढवलंय." सफियाची आई पांढरीफटक. सफियाची मान खाली.

खरं सांगू? मला वाटत होतं गुगूने गप्प राहावं. सव्वीस वर्षांचं नाव होतं तिचं.

गुगू म्हणाली, "पीठ चांगलंय. हात माझा गेलाय. चार महिने बाजारात मी कापूनच वाढतेय."

सफियाने पुढचे सगळे पेड ओढले, एकही तुटला नाही. जेवताना मात्र कुणी कुणाशी धड बोललं नाही.

आता दुकानात कुणी लग्मान मागितला की गुगू सांगते, मिळत नाही, कापलेल्या शेवया आहेत. नेहमी जेवायला येणारे ड्रायव्हर लोक शेजारच्या टपरीवर जातात. तिथे मशीनच्या शेवया लग्मान म्हणून बिनधास्त खपतात. काल मी रडकुंडीला येऊन तिच्यावर ओरडले, शब्दच आहे ना नुसता!

"त्यांच्यासाठी असेल नुसता शब्द," ती म्हणाली, आणि कांदा चिरत राहिली.