गिरणीअक्काचा फोन

गिरणीअक्काचा फोन आला की तिकडून माणूस बोलायचा नाही, गिरणी बोलायची. हॅलो नाही, "कुठं हाईस" नाही, काही नाही. फोन सरळ दगडाजवळ धरायची. मी खांबावर असो की जेवायच्या ताटावर, मुकाट तो घरघराट ऐकायचा. आवाज जड, ओढल्यासारखा आला की व्होल्टेज उतरलेलं. नुसताच घुमून लगेच बंद झाला की एक फेज गेलेला. तशी मोटर चालू ठेवली तर जळते, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मग तिचा आवाज यायचा, "ऐकलास? आता ये." आणि फोन बंद. लाईनमनच्या नोकरीत मी पुष्कळ तक्रारी घेतल्या, पण अशी तक्रार करणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

गाव कन्नड मुलखातल्या भालकी तालुक्यातलं, तिथल्या मेहकरच्या पुढं, महाराष्ट्राच्या शिवेला लागून. नाव सांगत नाही, कारण पुढं मोटरी लपवल्याची हकिकत येणार आहे आणि त्यात मीही आहे. गावाच्या टोकाला बौद्धवस्ती, वस्तीच्या टोकाला अक्काची पिठाची गिरणी. वीज मात्र दुसऱ्या टोकाकडून यायची. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला टीसी म्हणतात, सीमेपलीकडं त्यालाच डीपी म्हणतात. तो टीसी देवळामागं. तिथून निघालेली वीज सगळ्या गावाच्या आणि शिवारातल्या मोटरींना पुरवत पुरवत शेवटच्या खांबापर्यंत यायची, तेव्हा तिच्यात जीव उरलेला नसायचा. तो शेवटचा खांब अक्काचा.

नवरा हैदराबादेत गवंडीकामाला, सासू घरी, आणि गिरणी अक्काच्या हातात. दगडाला टाकी लावायची तरी स्वतःच लावायची. सुरुवातीला गावातली काही घरं तिच्याकडं दळण देत नव्हती, पार भालकीला न्यायची. मग दोन पावसाळे रस्त्यानं असे हाल केले की तीच घरं डबे घेऊन वस्तीत येऊ लागली. अक्कानं त्यांचेही डबे रांगेत लावले. डबा ज्या नंबरनं आला त्याच नंबरनं दळला जायचा, मग तो पाटलाचा असो की सालगड्याचा. पाटलीणबाईंनी एकदा पुढं सरकवून बघितला होता, तो अक्कानं पायानं नव्हे, दोन्ही हातांनी उचलून मागं ठेवला.

व्होल्टेज उतरलं की तिला दगड ढिले करावे लागायचे, नाहीतर मोटर बसायची. ढिल्या दगडातून पीठ जाडंभरडं यायचं. पण गुपचूप कुणाच्या डब्यात ते गेलं नाही. "जाड आलंय गं बाई, पाणी चांगलं कढत घे, न्हाईतर भाकर चिरंल," असं प्रत्येकीला सांगायची. आणि कधी कधी वीजच नसायची. बाया सकाळी डबा ठेवायच्या आणि दिवस कलला तरी तिथंच बसून असायच्या. घरी गेल्यावर सासूची बोलणी, नवऱ्याची बोलणी, एखादीला तर मारसुद्धा. अक्का दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं बघून मला म्हणायची, "ह्या बाईच्या गालावर तुझ्या कंपनीचं बोट उमटलंय बघ." मला भयंकर राग यायचा. मी काय वीज खिशात घेऊन फिरत होतो? पण बोलता यायचं नाही, कारण गाल समोर असायचा.

शेवटी तिनं वस्तीसाठी वेगळ्या टीसीचा अर्ज दिला. तिची सगळी भिस्त त्या टीसीवर होती. तीन वेळा मोटर जळाली होती, चौथ्यांदा जळाली तर गिरणी बंद करून तिलाही हैदराबाद गाठावं लागलं असतं. अर्ज मीच कन्नडात लिहून दिला. वर्षभर ऑफिसच्या चकरा मारल्यावर हुकूम निघाला, की साहेब येऊन गावात किती मोटरी चालतात ते मोजतील, मग ठरवू.

इथं माझी अक्कल शेण खायला गेली. गावात निम्म्या मोटरी नोंद न केलेल्या, तारेवर आकडे टाकलेले. साहेब बघतील, दंड लावतील, लोकांचं वाटोळं होईल, असं मला वाटलं. मी आदल्या दिवशी गावात निरोप धाडला, "उद्या साहेब येयलेत. काय ते आवरून ठेवा." मला वाटलं, उपकारच करतोय.

गावानं असं आवरलं की काय सांगू! आकडे निघाले. मोटरी कडब्याच्या गंजीत गेल्या, शेणकुटाच्या उडव्यात गेल्या, एक तर पाळण्यात निजवली होती. अक्काही त्यातच. तिची गिरणी नोंदलेली होती, पण मिरची कांडायचं यंत्र परवाना न घेता घरच्या मीटरवर चालायचं. तिनं त्यावर वाकळ टाकली आणि वाकळीवर सासूला बसवलं. साहेब दारात आले आणि शिंकायलाच लागले. एकदा, दोनदा, सात वेळा! म्हातारी गंभीरपणे म्हणाली, "साहेबास्नी पडसं झालंय. काढा द्या गं." मी दाराबाहेर जाऊन हसून घेतलं.

महिन्यानं अहवाल आला. गावात मोटरी मोजक्याच आढळल्या, आहे तो टीसी पुरेसा आहे, नव्याची गरज नाही. अर्ज निकाली.

तो कागद मीच अक्काला वाचून दाखवला. तिनं कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "निरोप तू धाडलास नव्हं?"

"व्हय."

"कामून धाडलास?"

"तुमच्यासाठीच की, अक्का."

"आमी भुकेलेलो हाव हे सांगायला त्याला बोलिवलो, आणि तो आला तवा आमी तोंड पुसून बसलो," ती म्हणाली. "तुझी चूक हाय, माझीबी हाय. आता निस्तरायचं दोघांनी."

निस्तरायचं म्हणजे काय, ते मला चार दिवसांनी कळलं. ती घरोघर फिरायला लागली होती. लपवलेल्या मोटरी आपण होऊन लिहून द्या म्हणायला! ज्या घरांनी कधीकाळी तिच्याकडं दळण दिलं नव्हतं त्यांच्याही दारात गेली. कुणी आत बोलावलं, कुणी ओट्यावरूनच वाटेला लावलं. ती पुन्हा गेली. "दंड एकदा भरायचा हाय. जळक्या मोटरीचा दंड तर दर साली भरायलाव की," एवढंच तिचं म्हणणं. आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ तिनं स्वतःची लिहायला लावली. कांडपयंत्र, घरच्या मीटरवर, विनापरवाना. मी म्हणालो, "अक्का, हे कशाला? कुणी बघितलं न्हाई ते." तर म्हणाली, "माझं पयलं लिव. मग बाकीच्यास्नी तोंड वर करून सांगता येतंय." पोळा येईस्तोवर तो कागद दोन्ही बाजूंनी भरला. पाटलांची मोटर शेवटी आली, पण आली.

त्याच दिवसांत मी तिला एक गोष्ट सांगितली, कारण ती न सांगणं मला पाप वाटलं. "अक्का, नीट ऐका. वस्तीत पुऱ्या व्होल्टेजची वीज आली की लोक घरघंट्या आणतील. घरातल्या घरात दळण. भालकीत, हुमनाबादेत असंच झालंय. तुमच्याकडं कोण येईल मग?"

ती दगड साफ करत होती. हात थांबले नाहीत. "मला काय कळत न्हाई व्हय?" म्हणाली. "करंट आला न्हाई तर मोटर जळून गिरणी जायची. आला तर घंट्यांनी जायची. जायचीच हाय, तर बायकांचे हाल थांबून जाऊ दे." मग पीठ झटकून म्हणाली, "आणि एवढ्या लौकर मारू नको मला. चार-दोन वर्सं चांगली दळते मी आता."

कागद ऑफिसात पोचला आणि फायलीत बसला. तेव्हा मीच तिला सांगितलं, की विजेचा दर वाढवायचा असला की आधी कलबुर्गीला जनसुनावणी होते, आणि कुणीही उभं राहून बोलू शकतं. सुनावणीच्या दिवशी ती पहाटेच्या बसनं निघाली. मीही होतो, पण साहेबांच्या फायली उचलायला. कंपनीच्या माणसानं तिच्याशेजारी बसून कसं चालेल? मी दाराजवळ उभा राहिलो. हॉलमध्ये कारखानदार होते, वकील होते, औरादकडून संतपूरचे सोयाबीनवाले शेतकरी आले होते. सगळे कागद वाचत होते. अक्काचं नाव पुकारलं. ती उठली आणि पिशवीतून पिठाच्या दोन पुड्या काढून मंचावरच्या टेबलावर ठेवल्या.

"ही ज्वारी एकाच पोत्यातली हाय," ती म्हणाली. थोडं मराठी, थोडं कन्नड, थोडं हैदराबादी हिंदी, एकाच वाक्यात तिन्ही. "ही पुडी पुऱ्या करंटातली, ही उतरलेल्या करंटातली. हात लावून बघा."

मंचावर सुनावणी घेणाऱ्यांत एक बाई होत्या. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि कन्नडात म्हणाल्या, हा तर रवाच आहे की. मग बाकीच्यांनीही बोटं घातली. अक्का पुढं म्हणाली, "असं जाड पीठ देऊन मी दळणाचा दर वाढीव मागितला, तर बाया मला गिरणीत उभी राहू देतील व्हय? तुमी तेच करायलाव. आधी करंट नीट द्या, मग दराचं बोला. आणि आमच्या माळावर कुसळसुद्धा उगवत न्हाई, दिवसभर नुसतं ऊन पडतंय. ते ऊन घ्या की. कोळसा न्हाई, धूर न्हाई, दिवसाचा करंट दिवसा द्या." मग नमस्कार करून बसली. आमचे साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "ही तुझ्याच सेक्शनची का रे?" मी मान डोलावली.

सगळं तिच्या एकटीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या गावांचेही अर्ज होते, वरून योजनाही आली होती. पण पुन्हा मोजणी झाली ती त्या दोन पुड्यांमुळं, आणि मोजायला साहेब आले तेव्हा लोकांनी मोटरी धुऊन दारात मांडल्या होत्या. वस्तीला टीसी मिळाला. पुढं माळावर सोलरच्या पाट्या आणि लहानसं सबस्टेशन झालं. शिवाराला दिवसा थ्री फेज येऊ लागला. अक्काचे फोन कमी झाले. मला करमेना, खरंच सांगतो.

घरघंट्या आल्याच. आधी पाटलांकडं, मग शिक्षकांकडं, मग वस्तीत बचतगटातून एकदम सात. चार-दोन वर्षं ती म्हणाली होती, जेमतेम दोन निघाली. रांगेतले डबे विसाचे आठ झाले, आठाचे दोन. एके दिवशी गिरणीचं कनेक्शन कायमचं बंद करण्याचा अर्ज ऑफिसात आला, खाली तिची सही. तोडायला मलाच जावं लागलं. मी शिडी लावली, तर म्हणाली, "थांब की. घाई काय हाय?" पदरातली ओंजळभर ज्वारी तिनं गिरणीत टाकली, दगड गच्च आवळले आणि बटण दाबलं. काय तो आवाज! इतक्या वर्षांत तिच्या गिरणीचा असा एकसारखा आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता. पीठ कागदात बांधून तिनं माझ्या हातात दिलं. "बायकोला दे. कढत पाणी लागायचं न्हाई म्हणावं." मी वर चढलो. तारेला पक्कड लावली, तेव्हा मला खाली बघवेना.

आता माझी बदली निर्ण्याकडं झाली आहे. त्या गावचा लाईनमन दुसराच पोरगा आहे, त्याचा नंबर मी अक्काला दिला होता. परवा दुपारी जेवत होतो आणि तिचा फोन आला. नेहमीसारखंच हॅलो नाही, काही नाही. सवयीनं मी घास हातात धरून ऐकत राहिलो. तिकडून बारीक घुर्र असा आवाज येत होता. मला उमजेना. गिरणी तर मी स्वतः तोडली होती.

मग अक्का म्हणाली, "शेजारच्या रमाची घंटी हाय. फोन तिच्याजवळ धरलाय. नीट ऐक, आवाज बरोबर हाय नव्हं?"

मी म्हणालो, "बरोबर हाय, अक्का. ताटावर बसूनच ऐकलो."

"मग जेव," ती म्हणाली आणि फोन बंद केला.