रांजण आणि वायफाय

खामगावात बाजाराच्या रस्त्याला जब्बारभाईंचं घर आणि पुढच्या खोलीत गाद्या-रजयांचं दुकान. कापूस पिंजण्यात हयात गेलेली. दारात पाण्याचा रांजण. बाजाराला आलेला शेतकरी पाणी प्यायचा, ओट्यावर टेकायचा. घरात वायफाय आलं तेव्हा जोडणाऱ्यानं पासवर्ड विचारला. जब्बारभाई हसले.

"रांजणाले कोणी कुलूप लावते काय? खुलं राहू दे."

तेच नडलं. बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्याच पेरणीत कोण्या हरामखोरानं 'अळी न लागणारं बीटी बियाणं' अशी जाहिरात मोबाइलवर टाकून बनावट पाकिटं विकली. बी उगवलंच नाही. जाहिरात जब्बारभाईंच्या वायफायवरून गेलेली, म्हणून पोलीस थेट त्यांच्या दारात! पाकिटं शोधायला नव्याकोऱ्या रजया टराटरा फाडल्या. हाती काही लागलं नाही, पण बघ्यांपैकी एकानंही त्यांची बाजू घेतली नाही. रोज ओट्यावर बसून फुकटचा चहा ढोसणारे हिंमतराव तर म्हणाले, "कोनाच्या पोटात काय, कोन सांगावं!"

सगळ्यांत झोंबलं ते उत्तमरावांचं. त्यांचं शेत त्याच बियाण्यानं नासलं होतं. एवढी जुनी दोस्ती, पण दारावरून जाताना त्यांनी रांजणाला हात लावला नाही.

जब्बारभाईंचं डोकं फिरलं. त्यांनी जोडणाऱ्याला बोलावलं.

"कुलूप कोणतं, जुनं डब्ल्यूईपी लावू का नवं डब्ल्यूपीए-टू?" त्यानं विचारलं.

"फरक सांग."

"जुनं कोणीबी फोडते. दुसरं चांगला पासवर्ड ठेवला तं सहजासहजी फुटत नाई."

"दुसरंच लाव. अन् पासवर्ड कोणालेच सांगू नको."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव तणतणत दुकानात शिरले. "जब्बारभाई, माह्या अन्नात माती कालवली तुमी!"

जब्बारभाई उत्तर देणार, तोच बाहेर ओट्यावरून हिंमतरावांचा आवाज आला. ते नुकतेच येऊन टेकले होते, आत कोणी आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. ते फोनवर कोणावर तरी खेकसत होते, "अबे, पिंजाऱ्यानं वायफायले पासवर्ड लावला! माह्या नंबरवरून जाहिरात टाकली तं मीच सापडीन ना! पाकिटं तशीच राहू दे."

उत्तमरावांनी बाहेर येऊन त्यांची गचांडी धरली. पुढचं पोलिसांनी पाहिलं.

संध्याकाळी उत्तमराव परत आले. मान खाली. रांजणातून पेला भरला आणि ओट्यावर टेकू लागले.

"पाणी प्या, उत्तमराव," फाटकी रजई शिवता शिवता जब्बारभाई म्हणाले. "पन ओट्यावर बसू नका."