पेटी शिकायला गेलेली ताई

माझी ताई इस्पितळाच्या तळघरात लोकांचे कान तपासायची. खोलीला खिडकी नाही, भिंतींना करडा स्पंज, आणि कोपऱ्यात टेलिफोन बूथसारखी एक काचेची केबिन. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. आपण बाहेर यंत्रापाशी बसून एकेक सूर आत सोडायचा, आधी मोठा, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. यंत्रावर हिरवा दिवा लागला की ताईने कागदावर खूण करायची. दिवसाला अठरा-वीस माणसं. लहान मुलं तिला बीपमावशी म्हणत.

सांगायला हे शांत काम वाटतं. पण कमी ऐकणाऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तो उत्तर देतो तेही ओरडूनच, आणि बरोबर आलेला नातेवाईक त्या दोघांच्या वरताण. "बाबा, आवाज आला की दाबा! नाही आला तर नाही दाबायचं!" संध्याकाळपर्यंत ताईचे कान किटलेले असायचे आणि घसा बसलेला. घरीही सुटका नव्हती. सासूबाईंचे दोन्ही कान गेलेले, कंबर गेलेली, जीभ मात्र शाबूत. ताईने स्वतः माप घेऊन त्यांना कानाचं यंत्र आणलं होतं. दोन दिवस वापरून त्यांनी ते उशीखाली ठेवून दिलं. "सगळं जग खरखरतंय," म्हणाल्या. भाऊजी बस डेपोत इंजिनं दुरुस्त करतात. ते आले की टीव्ही दणक्यात लावणार. ताई स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. मी नुसतं गुणगुणले तरी म्हणायची, "नको गं बाई. पाच मिनिटं काही वाजवू नकोस."

अशी बावीस वर्षं झाल्यावर एक दिवस लिफ्टवाले काका कान तपासायला आले.

वय सत्तरीच्या घरात. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली असते, तिथल्या धडधडाटात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ताईने नेहमीसारखं यंत्र सुरू केलं. पहिल्या दोन सुरांना दिवा लागला, तिसऱ्याला लागला, आणि काका हेडफोन काढून थेट बाहेर आले.

"बाई, तुमच्या सुरामागे कोणीतरी गुरगुरतंय."

"काका, तुमच्या कानात येत असेल तो आवाज. या वयात येतो."

"माझ्या कानातले आवाज माझ्या ओळखीचे आहेत. हा तुमच्या यंत्रातला आहे. घालून बघा."

ताईला राग आला. बाहेर सहा माणसं ताटकळत होती. पण काका जागचे हलेनात, म्हणून तिने हेडफोन चढवले. तसे ती रोज सकाळी चढवायचीच, पण सूर 'येतोय' एवढं बघून काढून ठेवायची. त्या दिवशी ती अर्धा मिनिट ऐकत राहिली. वर सूर सरळ होता, स्वच्छ. त्याच्या खाली, खूप खाली, जुन्या फ्रिजसारखी घरघर.

दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त करणारा आला. आतला एक भाग निकामी झाला होता. "केव्हापासून?" ताईने विचारलं. "असेल चार-सहा महिने," असं म्हणून त्याने चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याने रिपोर्ट चुकत नाहीत. तरी ताईने जुने कागद काढून शंका वाटली त्या सगळ्यांना परत बोलावलं आणि पुन्हा तपासलं. पण ती घरघर तिच्या जिव्हारी लागली होती. "अगं, मी सूर सोडते आणि दिवा बघते," मला म्हणाली. "इतक्या वर्षांत ऐकला कधी नाही."

काका रिपोर्ट न्यायला आले. खालचे सूर शाबूत होते, वरचे जवळजवळ सगळे गेले होते. कागदावरची रेघ मध्यापर्यंत सरळ जात होती आणि मग कोसळत होती. काकांनी ती बोटाने दोनदा गिरवली.

"म्हणजे मी जे बनवतो, त्यात वरच्या बाजूला काय चाललंय ते मला कळतच नसणार."

"काय बनवता?"

"संगीत. मी त्याला संगीत म्हणतो. माझी मुलगी डोकेदुखी म्हणते."

ताई त्यांच्याकडे का गेली, हे तिला आजही धड सांगता येत नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो, घरी जायचं जिवावर आलं होतं, आणि काकांची खोली वाटेवर होती, एवढंच. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन स्पीकर. टेबलावर लिफ्टच्या जुन्या कंट्रोल पॅनेलचं पत्र्याचं खोकं. त्यावर फिरवायच्या चकत्या, लोंबणाऱ्या वायरी, आणि लिफ्टमध्ये असतात तशी आकडे लिहिलेली गोल बटणं. एक ते बारा. काका त्याला पेटी म्हणत. घरबसल्या, जुन्या मासिकातले विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रांचे नकाशे बघून त्यांनी ती अकरा वर्षांत जुळवली होती.

"बसा," म्हणाले, आणि त्यांनी चौथा मजला दाबला.

ताईला आधी वाटलं, काही बिघडलंय. मग कळलं की तो एकच खालचा सूर आहे आणि तो हळूहळू उघडतोय, दार उघडावं तसा. त्यात दुसरा मिसळला. दोघं एकमेकांना घासायला लागले आणि त्यांच्यातून एक संथ लाट उठली, येणारी, जाणारी. शब्द नाहीत, ताल नाही. कोणी काही मागत नव्हतं. कोणी ओरडत नव्हतं. ताईने पाठ टेकली.

आणि ती झोपली. चांगली पंचवीस मिनिटं, तोंड उघडं टाकून. जागी झाली तेव्हा काका चहाचे कप घेऊन समोर बसले होते. ती शरमेने अर्धी झाली.

"झोप लागली म्हणजे खालचं बरोबर आहे," काका म्हणाले. "वरचं सांगा."

"वर एक शिट्टी आहे, काका. डासासारखी. सारखी वाजतेय. झोपेतही टोचत होती."

 काकांना ती कधी ऐकूच आली नव्हती. पाच वर्षांपूर्वी मुलगी हेच सांगत होती, तेव्हा ते तिच्यावर उखडले होते, महिनाभर बोलले नव्हते. त्यांनी पेटीचं झाकण काढलं. ताई कान देऊन उभी राहिली, ते एकेक वायर हलवत गेले. "आहे... आहे... अजून आहे... गेली!" त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते. "तुझं बरोबर होतं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून ताईचे शनिवार काकांकडे जायला लागले.

भाऊजींना तिने सांगितलं, "पेटी शिकायला जाते." त्यांनी सगळ्या नात्यात तेच सांगितलं. एका मामींनी कौतुकाने भजनाची आठ पुस्तकं पाठवून दिली. पुढे भाऊजींना संशय नाही, पण कुतूहल वाटलं, आणि ते एका शनिवारी बरोबर गेले. तासभर मुकाट्याने बसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "तिसऱ्या बटणाचं इंजिन मिसफायर करतंय." पुढच्या खेपेला ताईने ते काकांना सांगितलं. काका खूश झाले. तो ठोका त्यांनी मुद्दाम तसा ठेवला होता.

ताई शिकत गेली. ही चकती सूर काढते, ही त्याचा वरचा भाग कापते, ही तो किती हळू उघडायचा ते ठरवते. काकांनी तिला ऐकायला खूप काही दिलं. कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी टेपच्या फिती कापून, चिकटवून केलेलं संगीत. नुसत्या ठोक्यांचं, सहा सहा तास चालणारं. बसमध्ये ती ते कानात घालून बसायची आणि तिचा स्टॉप निघून जायचा. मोबाईलमध्ये तळघराच्या पंख्याचा आवाज, कपडे धुण्याच्या खोलीचा, औषधांच्या ढकलगाडीच्या चाकांचा, असं काय काय साठवायला लागली. एकदा आम्ही दोघी रस्त्याने जात होतो. मी माझ्या घरातली भांडणं तिला सांगतेय, पोटतिडकीने, आणि ही एका बंद दुकानाच्या शटरपाशी थांबली. आत कसलीशी मोटार चालू होती. "ऐक," म्हणाली. मी म्हटलं, "तू आधी माझं ऐक!" ती ओशाळून हसली. पण कान शटरकडेच.

दमणूक काही कमी झाली नव्हती. उलट वाढली. शनिवारची कामं रविवारवर पडली. सासूबाईंची आंघोळ, चादरी, आठवड्याचं दळण-किराणा. डोळ्यांखाली काळं आलं. मी म्हटलं, "ताई, एवढा जीव कशाला काढतेस?" ती म्हणाली, "जीव तसाही जातोच आहे गं कामात. तिथे निदान बसून जातो."

एकदा काकांनी तिला पेटी घरी न्यायला दिली. तिने ती आतल्या खोलीत लावली आणि अगदी खालचा सूर काढला. पलंगावरून सासूबाई कडाडल्या, "घरात गिरणी काय सुरू केलीस?" ताई धावत गेली. "आई, तुम्हाला ऐकू आलं?" सासूबाईंना तो प्रश्न ऐकू आला नाही. पण गिरणी ऐकू आली होती. म्हाताऱ्या माणसांचे वरचे सूर आधी जातात, खालचे उरतात, हे ताई रोज दहा जणांना सांगायची. त्या दिवशी तिने मला फोन करून हे इतक्या आनंदाने सांगितलं की मला वाटलं, सासूबाईंनी तोंडभरून कौतुक केलं असणार.

दोन वर्षं असं चाललं. मग काकांचे खालचे सूरही जायला लागले. ताईनेच तपासलं, ताईनेच रेघ ओढली. एका शनिवारी ते पेटीजवळ बसलेच नाहीत.

"मला आता चकत्या दिसतात फक्त," म्हणाले. "मुलगी न्यायला येतेय. पेटी तू घेऊन जा."

"काका, माझं अजून काही शिकून झालेलं नाही."

"माझंही नाही झालं."

ती रागावली. राग कोणावर, ते तिलाही कळेना. पेटी घरी आली आणि पलंगाखाली गेली. सात-आठ महिने तिने तिला हात लावला नाही. मी विचारलं की म्हणायची, "हात उठत नाही." खोटं नव्हतं ते. त्याच वर्षी तळघरात तिच्यासारखंच कान तपासणारी दुसरी बाई सोडून गेली आणि दोघींचं काम एकटीवर आलं.

कशामुळे तिने पेटी पुन्हा बाहेर काढली, ते सांगण्यासारखं काही घडलं नाही. सर्दीतापाने घरी होती, तिसऱ्या दिवशी कंटाळली, आणि पलंगाखाली वाकली. रोज पेशंटच्या कानात सोडायचे तेच सूर तिने घेतले, अडीचशे हर्ट्झपासून आठ हजारांपर्यंत. ते एकामागून एक इतके बारीक करत नेले की आहे की नाही, अशी शंका यावी. बाविसाव्या मिनिटाला सगळं संपायचं. तिला ते जमायला सहा महिने लागले.

वाचनालयाच्या तळमजल्यावर असलं संगीत करणारी काही मंडळी महिन्यातून एकदा जमत. तिथे तिने ते वाजवलं. शनिवार, दुपारचे चार, चौदा खुर्च्या. ताईने इस्पितळातला पांढरा कोटच घातला होता, बदलायला वेळ मिळाला नव्हता. सुरुवातीला लोक सैल बसले होते. मग पुढे झुकायला लागले. एकाला खोकला आला तर तो तोंड दाबून बाहेर गेला. दोघं तिघं गेले ते परत आलेच नाहीत. भाऊजी गाढ झोपले होते. शेवटी मला काहीच ऐकू येत नव्हतं, तरी मी ऐकत होते. मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "जरा मोठ्याने नाही का करता येणार?"

"नाही," ताई म्हणाली. "एवढंच आहे ते."

टाळ्या बेताच्या पडल्या. आयोजकांनी पुढच्या वेळी यायला सांगितलं. घरी जाताना ताई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. मी समजले, हिरमुसली. तर ती मोबाईलमध्ये बसच्या इंजिनाचा आवाज साठवत होती.

काकांना तिने ते रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचा निरोप मुलीने लिहून पाठवला. "ऐकू काही आलं नाही. नातीने संगणकावर लाटा दाखवल्या. बाराव्या मिनिटाला उतार घाईचा आहे." ताईने ऐकून बघितलं. तसंच होतं. काका त्या हिवाळ्यात वारले. ताईला रजा मिळाली नाही.

आता इस्पितळात नवं यंत्र आलंय. ते आपणच सूर सोडतं, आपणच खुणा करतं. ताईला वर नोंदणीच्या खिडकीवर बसवलंय, दिवसभर नंबर पुकारायला. निवृत्तीला अजून साडेचार वर्षं आहेत. संध्याकाळी येते ती पार गळून. सासूबाईंचं सगळं अंथरुणातच. भाऊजींनी तिला आतल्या खोलीत टेबल करून दिलंय आणि दाराला रबरी पट्टी बसवलीय. कित्येकदा ती पेटीसमोर बसते आणि नुसतीच उठते.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तिने मला खुर्चीत बसवलं. "नव्याची तेरा मिनिटं झालीत," म्हणाली, "पण कुठेतरी लांबतंय आणि मला आता कळेनासं झालंय. तू ऐक. कंटाळा आला की लगेच सांग. लाजू नकोस."

मी चौथ्या मिनिटाला सांगितलं. तिने मान डोलावली, एक चकती केसभर फिरवली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.