रुचिकाचा धवला

सदर गुणाबाई सावळाराम तरे, वय अंदाजे सत्तर (जन्माची नोंद उपलब्ध नाही), राहणार वळ, तालुका भिवंडी, या लोककलेच्या क्षेत्रात कार्यरत असून तालुक्याच्या सांस्कृतिक संचिताचा अमूल्य ठेवा आहेत. विवाहप्रसंगी धवला गाऊन वधूवरांस विधिवत गृहस्थाश्रमात प्रविष्ट करणे हे त्यांचे कार्य होय. त्यांचा आवाज परिसरातील घराघरांत पोचलेला असून पुढील पिढ्यांसाठी तो सुरक्षित करण्यात आलेला आहे.

हा मजकूर एका सत्काराच्या वेळी माईकवरून वाचून दाखवला गेला. गुणाबाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला. मजकुरातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच त्यातली अडचण.

आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी यायचे ते उशिरा, आणि आले तरी त्यांच्यावाचून फारसं अडत नसे. लग्न लावायची ती धवलारीण. मांडव घालण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला, आणि प्रत्येक धवल्यात नाव. नवरीचं, तिच्या बापाचं, मामाचं, गावाचं. पाटावर बसलेल्या पोरीचं नाव धवल्यात आलं की मग तिच्या अंगाला हळद लागायची. नावाआधी कुणी बोट बुडवलं तर म्हाताऱ्या हातावर चापट मारत.

धवला एकटीला गाता येत नाही. एक ओळ टाकते, दुसरी झेलते. पहिली श्वास घेते तेव्हा दुसरी गात असते. मध्ये खंड पडलेला चालत नाही. गुणाबाई टाकायच्या आणि त्यांची चुलत जाऊ चंद्रा झेलायची. चंद्राचा आवाज चिरका होता, पण नाव झेलायच्या आधीच तिचं तोंड हलायला लागायचं. दोघींचं बाकी कशावरून पटत नसे.

या कामाचं मोल काय, तर लुगडं, खण, सुपात तांदूळ आणि पहिल्या पंगतीत पान. त्यात कमीपणा वाटावा असं त्यांना कधी सुचलं नाही. घोडा आणि फटाके यांचा हिशोब लोक आधी करत, धवलारणीला फक्त निरोप जाई.

मग वळमध्ये शेतांची गोदामं झाली आणि लग्नं मोठी झाली. पंढरीशेठनी मुलाची, कुणालची हळद त्यांच्या एका रिकाम्या गोदामातच ठेवली. तिथे स्पीकरचा ट्रक आत येऊन वळू शकत होता. डीजेचं काम मनोजकडे होतं. पोरगा पडघ्याचा, कामाला चोख. त्याने शेठना सुचवलं, की म्हाताऱ्या प्रत्यक्ष गायल्या तर वेळेचं काही खरं नाही, आधीच रेकॉर्ड करून घेऊ, खाली बीट टाकू.

"वर-वधू दोघांची नावं घ्या आजी," मनोज म्हणाला. "तोच पीस नवरीच्या घरीपन लावू."

गुणाबाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, धवला जपून ठेवायचा म्हणून हे चाललंय. मनोजच्या खोलीत दोघी एका माईकपुढे डोक्याला डोकं लावून बसल्या. चंद्राने विचारलं, "यात आपला फोटू पन येल कं?" मनोज म्हणाला, येणार नाही. "मंग मी नवा लुगरा कशाला नेसलू?"

दोघी गायल्या. कुणाल नवरा पाटावर आला, रुचिका नवरी पाटावर आली.

हळद दणक्यात झाली. दुसऱ्या दिवशी तो पीस लोकांच्या फोनवर होता आणि महिन्याभरात पडघ्यापासून वज्रेश्वरीपर्यंत प्रत्येक डीजेकडे. लोकांना तो मनापासून आवडला. इतका, की तो लागल्याशिवाय हळद होईना. गुणाबाईंना निरोप येणं थांबलं. कुणी वाईटपणाने थांबवलं नव्हतं. "आता तुमी कशाला तरास घेताव," एक बाई बाजारात प्रेमाने म्हणाली, "आवाज तं तुमचाच हाय."

आता या तालुक्यात कुणाच्याही अंगाला हळद लागली तरी गाण्यात लग्न कुणालचं आणि रुचिकाचंच लागतं. हे कुणाच्या ध्यानात येत नाही असं नाही. कुणाला त्याचं काही वाटत नाही. पडघ्याच्या एका मेघालीने तेवढं हळदीच्या पाटावरून नवऱ्याला फोन लावला होता.

"ही रुचिका कोण?"

"गान्यातली हाय गं!"

"मग माझं नाव कुठाय?"

पुढच्या गाण्याला सगळे नाचायला उठले आणि विषय मिटला.

त्या पावसाळ्यात चंद्रा गेली. ताप आला, उतरला, परत आला. गुणाबाई तिच्या दहाव्याला गेल्या, तेव्हा शेजारच्या आळीत साखरपुडा होता आणि स्पीकरवर चंद्रा नाव झेलत होती.

क्षितिजा ही गुणाबाईंची नात, मुलगा चांगदेव याची एकुलती एक. गोदामात सुपरवायझर आहे; हाताखालच्या लोकांशी हिंदीत बोलते, आजीशी आगरीत आणि साहेबांशी फारसं बोलत नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा गुणाबाईंनी घरात एकच गोष्ट मागितली.

"हलदीला पोरीचा नाव मी घेनार."

चांगदेव म्हणाला, "आये, मनोजला सांगितलाय. तुझाच तं आवाज हाय."

"आवाज माझा हाय. नाव माझ्या नातीचा न्हाय."

झेलायला कुणी हवं म्हणून त्यांनी सुनेला बसवलं. सुकन्याला धवला पाठ होता. आता तो सगळ्यांनाच पाठ आहे. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की दोघी ओट्यावर बसत. गुणाबाई ओळ टाकत, "क्षितिजा नवरी पाटावं आयली." सुकन्या सुरात, ठेक्यात, अगदी वेळेवर झेले, "रुचिका नवरी पाटावं आयली."

"गो, तुझी पोटची पोर हाय ती!"

"आई, तोंडात तेच बसलंय. परत घ्या."

परत घेतलं. परत रुचिका आली. क्षितिजा दारात उभी राहून हसत होती. सुकन्या अडखळत नाव बदलू लागली, तर खंड पडू लागला, आणि खंड पडला की गुणाबाई मांडीवर हात मारून थांबत. चंद्रा होती तेव्हा आणखी एखादी पोरगी मागे बसवून तयार करायला हवी होती, हे त्यांनी त्या ओट्यावर बोलून दाखवलं. सुकन्याने परातीतलं पीठ पुसलं. तिला मागे बसायला कुणी कधी बोलावलंही नव्हतं.

शेवटी गुणाबाई स्वतः मनोजकडे गेल्या. नाव तेवढं बदल, म्हणाल्या.

मनोजने नीट समजावून सांगितलं. "आजी, दोघींचा आवाज एकाच माईकवर घेतलाय. तुमचा एकटीचा काढता येत न्हाय. नवीन करायचा तर चंद्राआजीला कुठून आनू?" मग त्यालाच वाईट वाटलं. "असं करू. पीस लावतो, आवाज कमी ठेवतो. तुमी माईक घेऊन वरून गा."

हळदीच्या संध्याकाळी क्षितिजा पिवळी साडी नेसून पाटावर बसली. मागे फुलांची भिंत होती, वर ड्रोन फिरत होता. मनोजने शब्दाप्रमाणे आवाज कमी केला आणि माईक आजीच्या हातात दिला. गुणाबाई गायल्या. क्षितिजा, चांगदेव, मामा, गाव, सगळं घेतलं. त्यांच्याच आवाजात स्पीकरमधून रुचिका येत होती; तिच्यावरून त्या क्षितिजाचं नाव रेटून नेत होत्या. आवाज फाटला होता, पण नाव स्वच्छ होतं. मग श्वास घेण्याची जागा आली, आणि चंद्राने झेललं.

रुचिका नवरी पाटावं आयली.

गुणाबाईंनी माईक तोंडापासून थोडा दूर धरला आणि स्पीकरकडे बघितलं. इतक्या वर्षांत चंद्राने नाव चुकवलं नव्हतं. पुढची ओळ टाकायची वेळ झाली तशी त्यांनी टाकली. पुन्हा क्षितिजा, पुन्हा चंद्राची रुचिका. बायका टाळ्या वाजवत होत्या, दोन्ही नावांना सारख्याच. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघून हसा," तेव्हा क्षितिजा आजीकडे बघत होती. ती हसली नाही. कुणीतरी तिच्या गालाला हळद लावली. गुणाबाईंनी ती कुठल्या नावावर लागली ते पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही.

लग्न व्यवस्थित झालं. जेवण चांगलं होतं. सत्कार त्यानंतरच्या महिन्यात झाला. त्याचा मजकूर वर दिलाच आहे.

सत्काराच्या आठवड्यातच हळदीचा व्हिडिओ आला. धवल्याच्या वेळी आवाज डबल येत होता, म्हणून व्हिडिओवाल्याने तिथला आवाज काढून टाकला आहे आणि वरून मूळ गाणं लावलं आहे.