मोलकरणीची साक्ष

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की वाटतं — काय आहे त्यात? एक गेम तर होता. मग उठते, गॅलरीत जाते, परत येते. आज बसूनच सांगते.

घरून काम करायची सोय झाली तशी मी भोरला वडिलांकडे, अण्णांकडे, राहायला आले. आई गेल्यापासून ते एकटेच होते. लॅपटॉपवर मी एक गुप्तहेराचा गेम खेळायचे. मारामारी जवळपास नाहीच — गावात हिंडायचं, माणसांना बोलतं करायचं, कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं. अण्णा एकदा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीच ओढून बसायला लागले. इंग्रजी त्यांना यायचं, पण नजर अधू झाल्यामुळे पडद्यावरचं बारीक अक्षर लागत नव्हतं. म्हणून मी वाचायचे, मराठीत सांगायचे.

गुन्हेगार ते माझ्याआधी ओळखायचे. दर वेळी. शिवऱ्याची आत्या आली तेव्हा तिला म्हणाले, "ही नुसती वाचती. शोधतो मी." आत्या हसली. मीही हसले. पण लागलं — लहानपणापासून त्यांचं 'थांब, तुला नाही जमायचं' ऐकत आले होते ना. की हेही मी आता कारण म्हणून शोधून काढतेय?

शेवटचं प्रकरण एका लॉजमालकाच्या खुनाचं होतं. संशयित दोघे, मालकाचा वकील आणि पुतण्या. अण्णांचा संशय वकिलावर. तेवढ्यात मोलकरणीची साक्ष आली, की मागच्या दाराने वकील आत गेला. मी वाचलं — पुतण्या गेला. एकच शब्द बदलला. अण्णा गोंधळले, बराच वेळ हनुवटी खाजवत बसले, आणि शेवटी म्हणाले, पुतण्याला धर. धरला. चुकलं. खुनी वकीलच निघाला.

तिथंच सांगितलं असतं तर थट्टा ठरली असती. पण अण्णांनी विचारलं, "त्या बाईनं पुतण्याचं नाव घेतलं व्हतं ना?"

आणि मी म्हणाले, "नाही अण्णा. ती वकीलच म्हणाली होती."

त्यांचा चेहरा — कसा सांगू? त्यांचे थोरले भाऊ शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हते. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी लॅपटॉप मिटला आणि भाजी निवडायला गेले.

त्यानंतर खुर्ची ओढली गेली नाही. स्कूटरची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. भाटघरच्या जमिनीचं बोलणं चुलतभावावर सोपवलं. साधं काही ऐकलं तरी विचारायचे — बरोबर ऐकलं ना मी? तेव्हा खरं सांगता आलं नसतं? रोज आलं असतं.

पुढे त्यांनीच हट्ट धरला म्हणून पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. हे कधीपासून जाणवतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णांनी सगळं सांगितलं — लॉज, वकील, पुतण्या, मागचं दार — एकही तपशील न चुकता. मग म्हणाले, "मी पुतण्या ऐकलं. ही न्हाई म्हनती. पोरगी कशाला खोटं बोलंल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो, तेव्हापासूनच.

तपासण्यांत ठळक काही निघालं नाही. सुरुवात असू शकते म्हणाले, गोळी लिहून दिली. ती रोज सकाळी मीच देते. अण्णा हात पुढे करतात आणि काही न विचारता घेतात.