जावाला पुण्यात काय देतात?

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी बी.एस्सी. होऊन घरात बसले होते, आणि माझ्या नोकरीची काळजी माझ्यापेक्षा माझ्या थोरल्या चुलत्यांना जास्त होती. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. वारूळवाडीत आमची टोमॅटोची शेती. तात्या नारायणगावच्या बाजारात माल घेऊन गेले की कुठं काय भाव फुटला, हे चार जणांना विचारल्याशिवाय परतत नसत.

गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी मला टायपिंग आणि अकाउंटचा कोर्स सुचवला. तात्यांनी आठ दिवस मागून घेतले. ज्यांची ज्यांची मुलं पुण्यात होती, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ते चहा प्यायले. न्हाव्याच्या दुकानात नोकरीच्या जाहिराती वाचल्या. नवव्या दिवशी निकाल दिला.

"जावा शिक. पुण्यात मागणी हाय. मुंबईत पगार जास्त, पण तो खोलीभाड्यातच जातोय. बंगळूरला लई देत्यात, पण तुझी आई सोडायची न्हाई."

मी पहाटेच्या एसटीनं पुण्याला ये-जा करून जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. कोर्स संपला आणि त्याच सुमाराला अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपन्या बसल्या. जाहिरातींचं पान सुकत गेलं. तात्यांना फार लागलं. आपणच पोरीला चुकीचं पीक घ्यायला लावलं, असं ते आईजवळ म्हणाले. मला मात्र ती भाषा आवडायला लागली होती. मी गावातल्याच क्लासमध्ये शिकवायला लागले, आणि दुपारी मशीन रिकामं असलं की जावाचे प्रोग्राम लिहीत बसायचे. अशी दोन वर्षं गेली.

मग हळूहळू मागणी परत आली. पुण्यातल्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तात्यांनी एकच गोष्ट बजावली. "आकडा आपण आधी सांगायचा न्हाई. समोरच्याला बोलू दे."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अपेक्षा विचारली. मी गप्प. त्यांना वाटलं, मला कमी वाटतंय. त्यांनी स्वतःच एक आकडा सांगितला. तो ऐकून तर माझ्या तोंडून शब्दच फुटेना, म्हणून त्यांनी आणखी पाचशे वाढवले.

नोकरी लागून वर्ष झालं तेव्हा तात्या ऑफिस बघायला आले. पास नव्हता, म्हणून वॉचमननं त्यांना फाटकावरच थांबवलं. मी मीटिंगमध्ये अडकले होते. तासाभरानं धावत खाली गेले, तर तात्या समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्याच कंपनीतल्या पोरांच्या घोळक्यात बसलेले. जी माणसं एकमेकांना पगाराचा पत्ता लागू देत नव्हती, त्यांनी या धोतरवाल्या पाहुण्याला सगळं सांगून टाकलं होतं.

एसटी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या शेजारी बसतो ना, चष्मेवाला, त्याला तुझ्यापेक्षा दोन हजार जास्त हायेत. काम तेच. इचार की जाऊन."

मला ते विचारणं फार अवघड गेलं. चार दिवस मी वाक्यं जुळवत होते. पाचव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि जुळवलेलं सगळं विसरून सरळ विचारलं. साहेब थोडे गोरेमोरे झाले, बघतो म्हणाले. पुढच्या महिन्यापासून दोघांचा पगार सारखा झाला.