आमसुलाने घासलेला डुप्लेक्सर

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या राजाभाऊंना देवाने तोंड दोन माणसांचं दिलं आणि कान द्यायला विसरला. कचेरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी बोलण्याचा परवाना काढला. हेदवीला एकट्या राहणाऱ्या बहिणीला, उमाताईंनाही काढायला लावला. कारण मात्र खरं होतं. मागच्या वादळात मोबाइल मेले, आणि बहीण धड आहे की नाही हे एस.टी. सुरू होईपर्यंत कळलं नाही. मधे डोंगर, म्हणून टेकडीवर रिपीटर हवा. उमाताईंचा आवाज ऐकायचा नि तोच जोराने पुढे फेकायचा, एवढं त्याचं काम.

ऐकायला नि बोलायला अँटेना एकच. आपल्याच ओरडण्याने आपलेच कान बसू नयेत म्हणून मधे डुप्लेक्सर लागतो, तांब्याचे सहा उंच डबे. राजाभाऊंनी तो कुठल्याशा बंद कंपनीच्या भंगारातून आणला. त्याला हॅमच्या लहरींच्या पट्ट्यावर आणायचं तर आतल्या दांड्या केसाकेसाने सरकवाव्या लागतात.

हॅमवाल्यांच्या क्लबातली ऋजुता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "काका, माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे. घेऊन येते."

"यंत्र कशाला गो? मला कानाने कळतं!"

कानाने! घरातून जेवायची तिसरी हाक ज्याला ऐकू जात नाही, तो म्हणे कानाने लावणार!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? डबे उघडले, आत काळे दिसले. झालं! देवाची भांडी घासावीत तसे आमसूल नि राख घेऊन घासले. ते काळं म्हणजे काळवंडलेला चांदीचा मुलामा होता, डब्यांची सगळी करामत त्याच्याच जोरावर. चांदी मोरीतून गेली, तांबं झळकलं, आणि महाशय आळीभर दाखवत फिरले. "बघा, कंपनीने कधी निगा राखली नव्हती!"

रिपीटर टेकडीवर चढला. राजाभाऊ बोलले, रत्नागिरीभर खणखणीत. आमसुलाची फुशारकीही त्यात आली. मग उमाताई बोलल्या, "दा... खर्र... मी... खर्र..." लांबून आलेला बारीक आवाज पुढे फेकायला रिपीटरने तोंड उघडलं, की त्याचेच कान बंद. यंत्र अगदी मालकावर गेलं होतं.

"हेदवीची बॅटरी उतरलीय!" राजाभाऊंनी जाहीर केलं.

तेवढ्यात उमाताईंचा फोन. "दादा, तुझं सगळं ऐकू येतं, नेहमीसारखं. माझं कुणाला जात नाही. जून तोंडावर आलाय. फोन गेले की मी हाक कुणाला मारू? तुझ्या आमसुलांना?"

आता मात्र डबे रिक्षात घालून स्वारी ऋजुताच्या दारात. "लाव तुझं यंत्र. माझंच बरोबर निघेल म्हणा."

तिने झाकण काढून आत बोट फिरवलं. "काका, यात सोलकढी केलीत की काय?"

सोनाराकडून मुलामा पुन्हा चढवला. ऋजुता यंत्राच्या पडद्यावरची रेघ बघत दांड्या सरकवत होती. राजाभाऊ पाना धरून उभे, गप्प. हे ज्याने पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही.

डबे पुन्हा टेकडीवर चढले, मग हेदवीहून उमाताई रेडिओवर आल्या, स्वच्छ, शेजारच्या खोलीत बसल्यासारख्या. बाईंनी बटण दाबलं नि दादाचं लहानपणापासूनचं सगळं काढलं. समोरचा बोलत असताना रेडिओवर मधे घुसता येत नाही. राजाभाऊंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. अखेर दमून त्या "ओव्हर" म्हणाल्या, म्हणजे आता पाळी दादाची.

राजाभाऊंनी बटण दाबलं.

"ऐकलं गो," ते म्हणाले. "सगळं ऐकलं."